पैजेची वही
सिनेमाच्या पारितोषिकांचे अंदाज आणि खारदांडा

खारदांड्याच्या आमच्या घरात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. पुढून उघडली तर तिच्यात म्हावऱ्याचा हिशेब आहे: बर्फ, डिझेल, जाळ्याची डागडुजी, खलाशांचा वाटा. उलटी धरून मागून उघडली तर सिनेमाच्या पारितोषिकांचे अंदाज आहेत. पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: 'मी', 'तो', 'निकाल' आणि 'पैज'. 'मी' म्हणजे माझे वडील. 'तो' म्हणजे शेजारच्या चुईम गावठाणातले त्यांचे ईस्ट इंडियन मित्र. त्यांना आम्ही मुले अंकल म्हणत असू. १९७१ ते १९७६ या काळातल्या नोंदी सलग आहेत. मग मोठा खंड पडतो आणि २००२ व २००५ अशा दोनच वर्षांच्या नोंदी सापडतात.

कोणत्या वर्षी कुणाला पारितोषिक मिळाले, याच्या याद्या सहज मिळतात. मिळेल असे कुणाला वाटले होते, याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही. निकालाच्या आधी महिनाभर गल्लीत, टपरीवर, लोकलच्या डब्यात जी चर्चा होते, ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी विरून जाते. खरे तर प्रेक्षकाची आवड, त्याचा राग आणि त्याचा विश्वास हे सगळे त्याच चर्चेत असते. ही वही वाचताना मला एक प्रश्न पडला. प्रेक्षक अंदाज बांधतो तेव्हा तो नेमका कशाचा बांधतो? सर्वांत चांगले काय, याचा, की निवडले काय जाईल, याचा? या प्रश्नाच्या मागे लागून मी जे धुंडाळले, ते इथे मांडते आहे.

अंदाज बांधायला दांड्याची जागा सोयीची होती, हे आधी सांगायला हवे. कार्टर रोड उत्तरेला जिथे संपतो, तिथे दांडा सुरू होतो. त्याच कार्टर रोडवर राजेश खन्नाचा 'आशीर्वाद' बंगला. मागे पाली हिल, तिथे दिलीपकुमार. वांद्र्याला हिल रोडवर मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये उभारलेला स्टुडिओ. माझी आजी डोक्यावर पाटी घेऊन पाली हिलच्या बंगल्यांत म्हावरा विकायला जाई. कोणत्या घरात आज पाहुणे आहेत, कुठे दोन दिवस चूल पेटलेली नाही, हे तिला वर्तमानपत्रांच्या आधी कळे. तरीही आजीने कधी पैज लावली नाही. ती का लावली नाही, ते पुढे येईलच.

•

सिनेमाच्या बाबतीत सामान्य माणसाला अंदाज बांधायला पहिल्यांदा शिकवले ते रेडिओने. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तेव्हा केंद्रात नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. या मराठी गृहस्थांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि श्रोते सिलोनकडे वळले. पुढे अमीन सयानींचा हा कार्यक्रम पायदानांच्या क्रमवारीसाठी प्रसिद्ध झाला. सुरुवातीला मात्र ती स्पर्धा होती. सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवायची आणि लोकप्रियतेच्या दृष्टीने त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा. बक्षीस शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे पत्रांचा ढीग इतका वाढला की ही पद्धत सोडून द्यावी लागली आणि रेकॉर्डची विक्री व श्रोता संघांची पसंती यांवरून क्रम लावला जाऊ लागला.

या स्पर्धेत श्रोत्याला आपल्या आवडीचे गाणे विचारलेले नव्हते. बाकीच्या सगळ्यांना काय आवडेल, हे ओळखायचे होते. शंभर रुपये हवे असतील तर स्वतःची आवड जरा बाजूला ठेवावी लागे. 'मला आवडते' आणि 'निवडले जाईल' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा हजारो घरांत पोहोचला तो असा, दर बुधवारी रात्री.

त्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, 'फिल्मफेअर' हे पाक्षिक निघाले होते. दोन वर्षांनी, २१ मार्च १९५४ रोजी, धोबी तलावच्या मेट्रो थिएटरात त्याचा पहिला पारितोषिक सोहळा झाला. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोंसा यांच्या स्मरणार्थ त्या पारितोषिकांना आरंभी 'क्लेअर्स' म्हणत. पारितोषिके पाचच होती: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. हातांच्या नृत्यमुद्रेत उभी असलेली ती काळसर बाहुली घडवली ती ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने, 'टाइम्स'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली. फोर्टातल्या न्यू इंडिया अॅशुरन्सच्या इमारतीवरची भव्य शिल्पे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी पानसऱ्यांचे काम पाहिले आहे.

विजेते निवडले होते वाचकांनी. वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते पाठवली. 'दो बिघा ज़मीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि बिमल रॉय सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. 'दाग'साठी दिलीपकुमार, 'बैजू बावरा'साठी मीनाकुमारी आणि नौशाद.

त्याच १९५४ साली दिल्लीत दुसरा एक निकाल लागला. सरकारने चित्रपटांना राज्य पारितोषिके देणे सुरू केले आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. 'दो बिघा ज़मीन'ला मिळाले गुणवत्ता प्रमाणपत्र. माहितीपटाचे सुवर्णपदक 'महाबलीपुरम' नावाच्या माहितीपटाला मिळाले. मराठी माणसाने या निकालाचा अभिमान बाळगला आणि तो रास्तच होता. आपल्या लेखाच्या दृष्टीने मात्र वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच वर्षी, एकाच सिनेमाबद्दल, दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळे निकाल दिले. एक निकाल वाचकांच्या मतांचा, दुसरा नेमलेल्या समितीचा. दोन्हींत लबाडी नव्हती. कुणी निवडले हे ठाऊक असल्यामुळे दोन्ही निकाल समजण्याजोगे होते. 'दो बिघा ज़मीन'वर पैज लावून दिल्लीत हरलेल्याला आपण का हरलो, हे कळू शकत होते.

'फिल्मफेअर'ने १९५६ पासून या दोन पद्धतींची सांगड घातली. वाचकांची मतेही घ्यायची आणि जाणकारांची समितीही बसवायची. कागदावर ही व्यवस्था उत्तम दिसते. मात्र तिच्यामुळे अंदाज बांधणाऱ्याचे काम अवघड झाले. आता निकाल चुकला तर वाचक वेगळे वागले की समिती, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग उरला नाही.

•

चर्चेला निकाल बदलता येत नाही, पण ती पारितोषिकाची चौकट बदलू शकते. याचे उत्तम उदाहरण लता मंगेशकरांचे आहे. १९५७ मध्ये 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना 'फिल्मफेअर' मिळाले. सोहळ्यात त्या चित्रपटातले गाणे लताबाईंनी गावे, असा जयकिशन यांचा आग्रह होता. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गायकाला किंवा गीतकाराला नाही, तेव्हा सोहळ्यात त्या गाण्याची धूनच वाजवा, असे त्यांचे म्हणणे होते. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले, 'मधुमती'तील गाण्यासाठी. पुरुष आणि स्त्री गायकांसाठी वेगळी पारितोषिके यायला १९६७ उजाडले.

अंदाजाच्या चर्चेत हा मुद्दा सहज निसटतो. कोण जिंकेल यावर आपण रात्र जागवतो, पण कोणत्या कामासाठी पारितोषिकच ठेवलेले नाही, हे विचारत नाही. गाणे ज्या आवाजामुळे घराघरांत पोहोचते, त्या आवाजासाठी पहिली पाच वर्षे रकानाच नव्हता. गीतमालेच्या श्रोत्यांना मात्र तो आवाज पक्का ठाऊक होता.

•

आता वहीकडे वळू. पैजेचे दर ठरलेले होते. बाबा हरले तर सरंग्याची, म्हणजे पापलेटची, एक जोडी. अंकल हरले तर टॉकीजची बाल्कनीची दोन तिकिटे. बाबा मराठी शाळेत शिकलेले. 'फिल्मफेअर' इंग्रजी, म्हणून वाचून दाखवायचे काम अंकलचे. रद्दीच्या दुकानातून जुने अंक येत आणि ओटीवर वाचन होई. थोडक्यात, बाबांचा अंदाज ज्या माहितीवर उभा होता, ती त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने पुरवलेली होती. तरीही या कारणावरून दोघांचे कधी वाजल्याचे ऐकिवात नाही.

१९७१ ची पहिली नोंद साधी आहे. उत्तम नट, दोघांच्याही रकान्यात राजेश खन्ना. निकाल राजेश खन्ना, 'सच्चा झूठा'साठी. पैजेच्या रकान्यात शून्य, कारण दोघांचे एकमत. १९७२ ला पुन्हा तेच: 'आनंद', राजेश खन्ना, शून्य. कार्टर रोडवरच्या बंगल्यासमोर तेव्हा मुलींची रीघ लागलेली असे. शेजारचा माणूस जिंकणार, यात अंदाज तो कसला?

१९७३ चे पान वेगळे आहे. त्या वर्षी संगीताच्या ओळीत दोघांनीही 'पाकिज़ा' लिहिले होते. गुलाम मोहम्मद यांनी केलेले ते संगीत. ते १९६८ मध्येच वारले होते, चित्रपट पूर्ण होऊन १९७२ च्या फेब्रुवारीत लागला आणि मार्चअखेर मीनाकुमारीही गेली. निकालाच्या रकान्यात बाबांनी लिहिले आहे 'बेइमान' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. 'बेइमान'ने त्या वर्षी चित्रपट, दिग्दर्शक, नट, संगीत, गीत, गायक अशी रांगच लावली. मनोजकुमारपुढे 'अमर प्रेम'चा राजेश खन्नाही हरला. मीनाकुमारीला मरणोत्तर नामांकन होते, पारितोषिक गेले 'सीता और गीता'च्या हेमामालिनीकडे. 'पाकिज़ा'च्या वाट्याला आले ते कलादिग्दर्शनाचे पारितोषिक, ना. ब. कुलकर्णी यांना. एका मराठी नावाची ही नोंद आज फारशी कुणाला आठवत नाही.

सहाय्यक नटाचे पारितोषिक 'बेइमान'साठीच प्राण यांना जाहीर झाले होते. त्यांनी ते नाकारले. संगीताचा मान गुलाम मोहम्मद यांचा होता, हे त्यांचे कारण. स्वतः जिंकलेला माणूस निकाल चुकला म्हणतो, ही घटना दुर्मिळ होती. वहीत त्या ओळीपुढे अंकलच्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे: 'जंटलमन'.

पुढचे पान मला या सगळ्या वहीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९७४ पासून 'मी' या रकान्याचे बाबांनी मधे रेघ मारून दोन भाग केले. डावीकडे लिहिले 'व्हावं', उजवीकडे 'होईल'. १९७३ पर्यंत त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. जे उत्तम, ते निवडले जाईल, अशी त्यांची समजूत होती. 'पाकिज़ा'ने ती मोडली.

१९७४ च्या नटाच्या ओळीत बाबांच्या 'व्हावं' खाली अमिताभ बच्चन, 'ज़ंजीर'. 'होईल' खालीही तेच. 'दाग'साठी शेजारच्या राजेश खन्नालाही नामांकन होते, पण बाबांनी या वेळी शेजारधर्म पाळला नाही. अंकलच्या रकान्यात ऋषी कपूर, 'बॉबी'. निकाल 'बॉबी'. नटीचे पारितोषिक जया भादुरी आणि डिंपल कापडिया यांना विभागून मिळाले. डिंपल वर्षभरापूर्वीच राजेश खन्नाशी लग्न करून कार्टर रोडला आली होती, त्यामुळे 'आशीर्वाद'मध्ये बाहुली आली, ती तिच्या नावाने. बाबांनी सरंग्याची जोडी दिली. पुढल्या पानावर, हिशेबाच्या बाजूला, त्याच तारखेला त्या जोडीची किंमतही नोंदलेली आहे. हरलेली पैज त्यांनी खर्चात धरली होती.

•

नंतरच्या मोठ्या खंडाचे कारण साधे असावे. संसार वाढला, होडीला यंत्र आले, त्याचे हप्ते आले. दांड्यातली चर्चा मात्र थांबली नव्हती. तिचा एक कायमचा विषय होता ऑस्कर.

माझ्या लहानपणी ऑस्करबद्दल एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले: 'मदर इंडिया' एका मताने हरला. मेहबूब स्टुडिओ आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे ते एक मत जणू आमच्याच आळीतून निसटले होते. 'मदर इंडिया' ही परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी भारताची पहिली प्रवेशिका. १९५८ च्या सोहळ्यात अंतिम पाचांत तिचे नाव होते आणि पारितोषिक गेले फेडेरिको फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला. इतके पक्के आहे. 'एका मताने' हा भाग मी बरीच वर्षे शोधला. तो अनेक लेखांत सापडतो, पण प्रत्येक लेख तो ऐकून लिहितो. त्यामागचे कारण ऑस्करच्या नियमांतच आहे. मतमोजणी हिशेबतपासनीसांची संस्था करते आणि कुणाला किती मते पडली, हे अकादमी कधीच जाहीर करत नाही. जिंकणाऱ्याचे नाव तेवढे पाकिटातून बाहेर येते. जे आकडे कधी बाहेर आलेच नाहीत, त्यांच्यातला फरक एक होता की एकशे एक, हे सांगता येणार नाही.

मग 'एक' का? मला वाटते, हिशेब दिसत नाही तिथे माणूस आपल्याला सोसवेल असा आकडा घालतो. शंभर मतांनी हरलो म्हटले तर बोलणे संपते. एका मताने हरलो म्हटले की पन्नास वर्षे बोलता येते.

ऑस्करची बाहुली मराठी हातात आधीच आली होती. ११ एप्रिल १९८३ रोजी 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह भानू अथय्या यांना ती मिळाली. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, मूळच्या कोल्हापूरच्या. पण वेशभूषेवर गल्लीत कुणी पैज लावत नाही. त्यांच्या नावाची चर्चा झाली ती निकालानंतर. पुढे २०१२ मध्ये नीट जतन व्हावी म्हणून त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत सोपवली.

वहीत पुन्हा नोंद येते ती २००२ ची, आणि 'लगान'ची वेशभूषाही भानू अथय्यांचीच होती. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, कलादिग्दर्शक नितीन देसाई. दांड्याने हा चित्रपट घरचा मानला. लॉस एंजेलिसचा २४ मार्चचा सोहळा आमच्याकडे २५ मार्चच्या, सोमवारच्या सकाळी दिसणार होता. तीन दिवसांवर होळी आली होती. शिमग्यासाठी होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, रंगकाम चालू होते, वलांडीवर बोंबील वाळत होते. एरवी त्या वेळी घरात न सापडणारे पुरुष केबल असलेल्या घरांत दाटीने बसले होते.

निकालापूर्वी आमच्या ओटीवर जी चर्चा झाली, ती मला शब्दशः आठवते. बाबा म्हणाले, 'लगान'च येणार. अंकलही म्हणाले, 'लगान'च. वहीतल्या रकान्याला या वेळी मधली रेघ नव्हती. 'व्हावं' आणि 'होईल' पुन्हा एकत्र झाले होते. कोपऱ्यात आजी बसली होती, ऐंशीच्या घरातली. तिने विचारले, बाकीची किती आहेत? मी पेपरात वाचून दाखवले: बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड', फ्रान्सचा 'अमेली', नॉर्वेचा 'एलिंग', अर्जेंटिनाचा 'सन ऑफ द ब्राइड'. यातला एक तरी कुणी पाहिलाय का? कुणीच पाहिला नव्हता. तेव्हा आजी बाबांना म्हणाली, "दर्यान न जाता म्हावऱ्याचा भाव सांगतस काय रं?"

तिने कधी पैज का लावली नाही, ते मला त्या दिवशी समजले. पाटी उचलणाऱ्या बाईला भाव ठरवायचा असतो तेव्हा दुसऱ्यांच्या पाट्या पाहाव्या लागतात. मजेची गोष्ट अशी की ऑस्करचा नियमही तेव्हा तोच होता. परभाषिक चित्रपटाच्या अंतिम फेरीत मत द्यायचे तर सभासदाने पाचही चित्रपट अकादमीच्या खेळांना हजर राहून पाहिलेले असावे लागत. त्या नियमाने दांड्यातले एकही मत ग्राह्य ठरले नसते.

पारितोषिक 'नो मॅन्स लँड'ला मिळाले. दोन खंदकांच्या मधल्या पट्ट्यात अडकलेल्या सैनिकांचा तो चित्रपट मी पुढे काही वर्षांनी पाहिला आणि संपल्यावर बराच वेळ गप्प बसले. 'लगान'वरचे माझे प्रेम कमी झाले नाही. अन्याय झाला, हे म्हणणे मात्र मी त्या दिवसापासून सोडले.

•

शेवटची नोंद २००५ ची आहे आणि ती दोन्ही बाजूंना आहे. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने राष्ट्रीय सुवर्णकमळ जिंकले, 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी. मग तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. तिथल्या मतदारांना चित्रपट दाखवायचा, त्याची जाहिरात करायची, तर पैसा लागतो आणि तो या मंडळींकडे नव्हता. राज्य सरकारपासून सचिन तेंडुलकरपर्यंत अनेकांनी हातभार लावला. सर्वसामान्यांनी खिशातून पैसे दिले. माझ्या भाचीच्या शाळेत निधी जमा होत होता. वहीच्या हिशेबाच्या बाजूला बर्फ आणि डिझेलच्या मधे एक ओळ आहे: 'श्वास, ५१'. सिनेमाच्या तिकिटाखेरीज सिनेमासाठी बाबांनी केलेला एवढा एकच खर्च.

जानेवारी २००५ मध्ये नामांकने जाहीर झाली. पाचांत 'श्वास' नव्हता. थोड्याच दिवसांत ऐकू येऊ लागले: 'श्वास' सहावा आला. आजही हे वाक्य जाणकारांच्या तोंडी येते. त्या काळी अकादमी पाच नावे जाहीर करत असे. मधल्या फेरीतली यादी बाहेर देण्याची प्रथा त्यानंतरची आहे, आणि त्या यादीतही क्रमांक नसतात. सहावा क्रमांक जाहीर करायची सोयच नव्हती. 'मदर इंडिया'चे एक मत आणि 'श्वास'चा सहावा क्रमांक ही एकाच घरातली भावंडे आहेत. दोघांचा जन्म न दिसणाऱ्या हिशेबातून झाला.

हे लिहिताना मला कुणाची थट्टा करायची नाही. ज्यांनी एक्कावन्न रुपये दिले, त्यांना आपल्या पैशाचे काय झाले, हे कळण्याचा हक्क होता. कुणी सांगितले नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक उत्तर तयार केले.

•

२०१७ च्या जानेवारीत ऋषी कपूर यांचे आत्मचरित्र 'खुल्लम खुल्ला' प्रसिद्ध झाले. 'बॉबी'साठीच्या पारितोषिकाकरता आपण तीस हजार रुपये मोजले, अशी कबुली त्यात होती. बातमी मराठी वर्तमानपत्रांतही आली. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी मला बातमी दोनदा वाचायला लावली आणि वही काढायला सांगितली.

मी त्यांना समजावले की या कबुलीवरून निकाल फिरला होता, असे सिद्ध होत नाही. पैसे एका मध्यस्थाला दिलेले, ते पुढे कुठे गेले याचा पुरावा नाही. 'बॉबी' त्या वर्षी तुफान चालला होता. पैसे दिले नसते तरी वाचकांनी त्यालाच निवडले असते, असेही असू शकेल. बाबा म्हणाले, "तेच तर. आता ते कळायचं कसं?"

माझ्या शोधाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला या वाक्यात मिळाले. प्रेक्षक अंदाज बांधतो तेव्हा तो चांगले काय, याचाही विचार करत असतो आणि निवडतील काय, याचाही. या दोहोंत अंतर पडले, तर ते का पडले, हे त्याला समजून घ्यायचे असते. समुद्रातला अंदाज चुकला की कोळी त्यातून शिकतो. वारा फिरला होता, पाण्याला जोर नव्हता, जाळे उशिरा टाकले. कारण सापडते, म्हणून पुढचा अंदाज सुधारतो. १९५४ चे दोन निकाल एकमेकांविरुद्ध जाऊनही कुणाला खुपले नाहीत, कारण कुणी निवडले, ते दिसत होते. जिथे हिशेब झाकला जातो, तिथे चुकलेल्या अंदाजातून काहीच शिकता येत नाही. मग एका मताच्या आणि सहाव्या क्रमांकाच्या गोष्टी उरतात, नाहीतर सरसकट सगळे विकले गेलेले आहे, असा कडवटपणा उरतो. या दोन्हींपेक्षा आजीचा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. बाकीची चार पाहिलीत का?

अंकलना जाऊन तोवर सहा वर्षे झाली होती. १९७४ चे पान उघडल्यावर बाबांनी चष्मा पुसला, माझ्याकडून पेन घेतले आणि पैजेच्या रकान्यात, सरंग्याच्या जोडीपुढे, थरथरत्या अक्षरात लिहिले: 'पैज रद्द धरावी.' मग थोडे थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'सरंगा परत मागू नये.'